एकतीस कोर्स आणि एक कापडी बाहुली

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.१०, ऑफिसात

नवं वर्ष, नवी वही. खरं तर कालच सुरू करणार होतो, पण काल रविवार. रविवारी सुरू केलेली कामं टिकत नाहीत, हा माझा अनुभव आहे. सोमवारी सुरू केलेलीही फारशी टिकलेली नाहीत, पण त्याची कारणं वेगळी होती.

यंदा दोन मोठी कामं. एक, हॉस्पिटलचे सगळे ट्रेनिंग कोर्स स्टँडर्ड पॅकेजमध्ये बांधून काढणं. दोन, बाप होणं. डॉक्टरांनी तारीख दिली आहे २० मार्च. दोन्ही कामं एकदमच आली हे बरं झालं, कारण 'नवजात बाळाची काळजी' हा कोर्स मीच तयार करणार आहे. करता करता शिकूनही होईल. वेगळा वेळ घालवायला नको.

हॉस्पिटलच्या ट्रेनिंग विभागात मी एकटाच आहे. म्हणजे विभागप्रमुखच म्हणायचं.

हिला काल शब्द दिला की बाळंतपणाच्या वेळी मी आत असणार, उशाशी, हात धरून. म्हणाली, बघ हं. मी म्हटलं, त्यात बघायचं काय?

रोज लिहायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

४ जानेवारी, बुधवार

काल लिहिलं नाही. काल विचार करण्याचा दिवस होता.

आज जेवताना हिला पॅकेज समजावून सांगितलं. स्टँडर्डचं नाव स्कॉर्म. कोर्सची पानं, चित्रं, प्रश्न, सगळं एका झिप फाइलमध्ये बांधायचं आणि वर मॅनिफेस्ट नावाची चिठ्ठी लावायची. आत काय आहे, कुठल्या क्रमाने आहे आणि या कोर्सचा ओळख क्रमांक कोणता, हे त्या चिठ्ठीत. चिठ्ठी बरोबर असली की जगातल्या कुठल्याही ट्रेनिंग सिस्टिममध्ये कोर्स चालतो. उद्या हॉस्पिटलने सिस्टिम बदलली, तरी माझे कोर्स उचलायचे आणि तिकडे ठेवायचे. काम खलास. हे तर जेवणाच्या डब्यासारखं आहे, मी म्हटलं, ऑफिस बदललं तरी डबा उघडतोच. शिवाय कुणी कधी उघडला, किती वेळ लागला, पूर्ण केला की नाही, सगळ्याची नोंद होते.

हिने विचारलं, खाल्ला की नाही ते कळतं का? मी म्हटलं, रिकामा परत आला की कळतंच. म्हणाली, कुत्र्याला घातला तरी डबा रिकामाच येतो.

सातव्या महिन्यात चिडचिड होते असं वाचलं आहे.

५ जानेवारी, गुरुवार

लेबर वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दर गुरुवारी चार वाजता होणाऱ्या आईबापांचा वर्ग घेतात. सव्वीस वर्षं घेताहेत. साधन काय? एक कापडी बाहुली. आत तीन किलो वाळू, आणि मान मुद्दाम ढिली शिवलेली. बाहुली उचलताना मान लोंबली की सिस्टर वहीत फुली मारतात. चार वर्गांना बरोबरची खूण मिळाली की कार्ड मिळतं. कार्ड असेल त्यालाच बाळंतपणाच्या वेळी आत सोडतात. आत माणूस एकच.

ही म्हणाली, चल ना आज. मी म्हटलं, अगं, जो कोर्स बनवतोय त्यानेच वर्गात जाऊन बसायचं म्हणजे कसं दिसेल? शिवाय चारला माझी मीटिंग होती. विभागाची. (चहा घेतला, एकट्यानेच. मीटिंग चांगली झाली.)

९ जानेवारी, सोमवार. दुपारी ३.३०

पहिलं पॅकेज चढवलं. 'अग्निशामक यंत्राचा वापर'. पहिल्या फटक्यात चाललं! मॅनिफेस्टची चिठ्ठी टाइप करायला मात्र दोन तास गेले. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर सगळं बंद.

म्हणून ठरवलं आहे की पुढच्या सगळ्या कोर्सना हीच चिठ्ठी कॉपी करायची. फक्त नाव आणि पानं बदलायची. वर तो लांबलचक ओळख क्रमांक आहे, त्याला हात लावायचा नाही. चालतंय ते चालू द्यावं. याला म्हणतात पद्धतशीर काम.

१७ जानेवारी, मंगळवार

मधले दिवस कामात गेले. लिहिणारा माणूस कामात असला की लिहीत नाही, हे उलट चांगलं लक्षण आहे.

आज 'हात धुण्याची पद्धत' झाला. माझा सर्वांत सुंदर कोर्स. त्यातले हात माझेच. अंगठा कसा चोळायचा याची चार मिनिटांची फिल्म आहे. हिला दाखवली. म्हणाली, हात छान आहेत, आता यांना घरात भांडी दाखव.

२३ जानेवारी, सोमवार

आकडे थक्क करणारे! तिसऱ्या मजल्यावरच्या आयामावशींनी एका चहाच्या वेळात बारा कोर्स पूर्ण केले. बाराही शंभर टक्के. नोंद माझ्यासमोर आहे. मावशींना विचारलं, इतकं मन लागलं? म्हणाल्या, हो बाबा, ते पुढे पुढे बटण फार मऊ आहे.

मोठ्या मॅडमना रिपोर्ट पाठवला. मॅडम म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख. त्या मेलला उत्तर देत नाहीत, पण वाचतात अशी माझी खात्री आहे.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई राहायला आल्या. बाई प्रेमळ, पण त्यांना एकच सवय. मी कुठल्याही वस्तूला हात लावला की विचारतात, जावईबापू, हात धुतलेत का? पाणी पिताना. पुस्तक उघडताना. आज दाराची कडी काढताना विचारलं. मी बाहेरच निघालो होतो!

ज्याच्या हातांची फिल्म अख्खं हॉस्पिटल बघतं, त्याला हे विचारायचं.

संध्याकाळी कळलं की त्या हिच्याबरोबर सिस्टरच्या वर्गाला जाऊन आल्या. माझी खुर्ची रिकामी होती म्हणे, त्या बसल्या. मी म्हटलं, छान, तुमचा वेळ जाईल. ही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं दमली होती.

९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

सिस्टर स्वतः माझ्या केबिनमध्ये! (केबिन म्हणजे जिन्याखालची जागा, पण पडदा आहे.) 'नवजात बाळाची काळजी' बघून आल्या होत्या. चांगला झालाय म्हणाल्या. मी सांगितलं, सव्वीस वर्षांत तुम्ही जेवढ्यांना शिकवलं, तेवढे लोक माझ्याकडे सहा महिन्यांत पूर्ण होतील. शिवाय तुम्ही रिटायर झालात तरी कोर्स इथेच राहील. आणि सगळ्यांना सारखंच शिकवलं जाईल, शिकवणाऱ्याचं डोकं दुखत असो वा नसो. त्यावर त्या मान हलवून म्हणाल्या की हे मात्र खरं आहे, कधीकधी माझंही डोकं दुखतं.

मग विचारलं, पण कॉम्प्युटर साहेब, त्याचा हात मानेखाली गेला की नाही हे तुमच्या सिस्टिमला कसं कळतं? मी शांतपणे समजावलं की स्टँडर्डमध्ये ठरावीक रकाने असतात. पूर्ण, अपूर्ण, उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, मार्क, वेळ. मानेचा रकाना नाही. त्या म्हणाल्या, माझ्याकडे तेवढा एकच आहे.

जुन्या पिढीला डेटा समजावणं सोपं नाही. पण मी संयम सोडला नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

विजय! मॅडमनी माझा प्रस्ताव मान्य केला. आता लेबर वॉर्डच्या काउंटरवर कॉम्प्युटर. बापाचा नंबर टाकायचा. बाळाचा कोर्स पूर्ण असेल तर पडदा हिरवा, नसेल तर लाल. सिस्टरचं कार्डही तूर्त चालू राहील असं मॅडम म्हणाल्या. दोन दोन दारं कशाला ठेवायची, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे, एक अडकलं तर दुसरं.

नियमांचा कागद मीच लिहिला आणि काउंटरच्या काचेवर चिकटवला. तिसरा नियम मला विशेष आवडला आहे: 'ओळखीपाळखीवर, विनंतीवर किंवा हुद्द्यावर कोणालाही आत सोडले जाणार नाही.' खाली माझी सही. सही जरा मोठी झाली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

एकतीस कोर्स तयार. आणि माझ्या स्वतःच्या नावापुढे? एकतीसपैकी एकतीस, शंभर टक्के! हॉस्पिटलात असा माणूस मी एकटाच आहे. त्याचं असं आहे की कोर्स तपासताना शेवटचं पान उघडलं की 'पूर्ण' पडतं, आणि मी प्रत्येक कोर्स तपासतोच.

अर्थात बाळाच्या कोर्सला एकदा नीट बसायचं आहे, पहिल्या पानापासून. या शनिवारी.

२६ फेब्रुवारी, रविवार

शनिवारी जमलं नाही. पाळणा आला. सुट्या भागांचा खोका, वर यादीचा कागद. मी हिला म्हटलं, बघ, हेसुद्धा पॅकेजच, आणि ही मॅनिफेस्ट. दोन तासांत उभा केला. चार स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असणार, हल्ली अशा चांगल्या कंपन्या कमी.

संध्याकाळी सासूबाईंनी पाळण्यात धुतलेले कपडे ठेवले. पाळणा हळूच एका बाजूला झुकला आणि तसाच राहिला. हिने यादीचा कागद उचलला आणि माझ्या उशीवर नेऊन ठेवला.

२ मार्च, गुरुवार

तक्रार. एक बस ड्रायव्हर आला होता, त्याच्या बायकोचीही तारीख या महिन्यातली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मोबाइलवर बाळाचा कोर्स करतो. दोनदा शेवटापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा नोंदच नाही. चौकशी केली. शेवटी 'बाहेर पडा' हे बटण न दाबता तो वरच्या फुलीने खिडकी बंद करत होता. मग नोंद जाते वाऱ्यावर. मी म्हटलं, ही शिकणाऱ्याची चूक आहे. तो म्हणाला, साहेब, फुली तुम्हीच ठेवलीय ना?

आज माझ्यासमोर बसून त्याने तिसऱ्यांदा केला. बटण दाबलं, पूर्ण पडलं. म्हणाला, आता पाठच झालाय. बिचाऱ्याचा किती वेळ फुकट गेला! मी तोच कोर्स नऊ सेकंदांत पूर्ण केला होता.

सिस्टरचा आज वर्ग. ही म्हणाली, शेवटची संधी आहे, पुढच्या गुरुवारी मी एवढं चालू शकणार नाही. मी म्हटलं, माझं झालंय गं, शंभर टक्के. सासूबाई गेल्या. येताना कार्ड घेऊन आल्या. चार खुणा. कार्ड त्यांनी पर्समध्ये ठेवलं, आधी हात धुऊन.

८ मार्च, बुधवार

हॉस्पिटल नवी सिस्टिम घेतंय! माझ्या आयुष्यातला क्षण. मॅडमनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, कोर्स हलवायला किती दिवस? मी म्हटलं, दिवस? एक दुपार. स्टँडर्डचा फायदा यालाच म्हणतात, असं वर जोडलं.

सर्व्हर बघणाऱ्या माणसाला आम्ही 'होईल' म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी तो 'होईल' म्हणतो. तो मीटिंगनंतर जवळ येऊन म्हणाला, आधी दोन कोर्स टाकून बघूया का? मी म्हटलं, जो माणूस 'होईल' सोडून दुसरं काही बोलत नाही, तो आज एवढं बोलला? घाबरू नकोस. डबा आहे, उघडणारच.

११ मार्च, शनिवार. दुपारी २.००

सुरुवात. फाइली नावाप्रमाणे, 'अ'पासून. 'अग्निशामक यंत्राचा वापर'. यशस्वी!

दुपारी २.४०

'प'पर्यंत आलो. प्रत्येकाला 'यशस्वी'. माणसाला आयुष्यात सलग इतक्या वेळा यशस्वी कोण म्हणतं?

दुपारी ३.०५

शेवटचा 'ह'. 'हात धुण्याची पद्धत'. यशस्वी. सगळ्या लोकांच्या नोंदीही आल्या. एक तास पाच मिनिटं! मॅडमना दुपार सांगितली होती, अर्धी उरली.

दुपारी ३.२०

यादीत कोर्स एकच दिसतोय. बहुधा बाकीचे घडी घालून ठेवले असतील, नव्या सिस्टिम नीटनेटक्या असतात. 'होईल'ला फोन केला. दिसतील का म्हटलं. म्हणाला, होईल.

हलका होऊन घरी आलो. येताना हिच्यासाठी फुलं आणली. हिने फुलं घेतली आणि पाळण्याचं काय, असं विचारलं.

१३ मार्च, सोमवार. दुपारी ४.३०

यादीत अजून एकच कोर्स. 'हात धुण्याची पद्धत, आवृत्ती ३१'.

'होईल'ने उघडून बघितलं. एकतीसही पॅकेजांच्या चिठ्ठीवर ओळख क्रमांक एकच आहे. अग्निशामक यंत्राचा. म्हणून नव्या सिस्टिमला वाटलं की हा एकच कोर्स आहे आणि हा माणूस तो एकतीस वेळा सुधारतोय. प्रत्येक नवा कोर्स आधीच्यावर बसला. जुनी सिस्टिम चिठ्ठीवरचा क्रमांक बघतच नव्हती, स्वतःचा देत होती, म्हणून आजवर खपून गेलं. लोकांच्या नोंदी? त्याही सगळ्या त्याच क्रमांकावर. अख्ख्या हॉस्पिटलला आता फक्त हात धुता येतात.

मी म्हटलं, म्हणजे स्टँडर्डने अगदी चोख काम केलं. तो म्हणाला, स्टँडर्डने केलं.

घाबरण्यासारखं काही नाही. झिप फाइली शाबूत आहेत. तीस क्रमांक बदलायचे, पुन्हा चढवायचं, नोंदी पुन्हा जोडायच्या. अर्धा दिवस. आज डोकं जड आहे, आज हात घातला तर आणखी चुका होतील. उद्या सकाळी पहिलं काम हेच. वीस तारखेला अजून आठवडा आहे.

बाळाचा कोर्सही उद्याच नीट बसून करेन.

१४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१५, लेबर वॉर्डबाहेरचं बाक

सव्वासहाला कळा सुरू झाल्या. मी अजिबात घाबरलो नाही. फक्त किल्ली सापडत नव्हती. ती हातातच होती, सासूबाईंनी दाखवली.

हिला आत नेलं. जाताना म्हणाली, ये लवकर. मी म्हटलं, हा काय आलोच.

काउंटरवर सिस्टर. माझा नंबर टाकला. पडदा लाल.

सिस्टरनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. नवजात बाळाची काळजी, नोंद नाही. हात धुण्याची पद्धत, एकतीस वेळा पूर्ण.

सासूबाई म्हणाल्या, एकतीस वेळा? तरी मला रोज विचारावं लागतं.

मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही मला ओळखता. सिस्टरनी काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. तिसरा नियम. खाली सही. खरंच मोठी झाली आहे.

सकाळी ८.५०

बस ड्रायव्हर आला. त्याची बायको पहाटेच आत गेली होती, तो गाडी डेपोत लावून धावत आला. नंबर टाकला. लाल. हात धुण्याची पद्धत, एकदा पूर्ण. तो माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, मी तुमच्यासमोर केला ना?

मी काचेवरचा कागद ओढून काढला आणि मागच्या बाजूला लिहिलं, यांनी कोर्स पूर्ण केला आहे, खात्री मी देतो. सही केली. छोटी.

सिस्टरनी चिठ्ठी वाचली आणि त्याला म्हणाल्या, बाळ उचलून दाखव. त्याने रिकाम्या हवेत दोन्ही हात पुढे केले. डावा तळवा आपोआप गेला तो बरोबर मानेच्या जागी. बोटं पसरलेली. माझ्या कोर्सच्या चौदाव्या पानावर आहे तस्संच. (चौदावंच असावं.) सिस्टरनी दार उघडलं. कोर्स चांगला आहे, मी म्हणत होतोच.

मग त्या मला म्हणाल्या, तुमचीही लिहा चिठ्ठी. तुमच्या सहीवर सोडते.

मी कागद घेतला. यांनी कोर्स, एवढं लिहिलं. पेन चालेना. सिस्टरनी खिशातलं त्यांचं पेन दिलं. तेही चालेना.

सासूबाईंनी पर्स उघडली आणि कार्ड काढलं.

सकाळी ११.४०

मुलगी. आतून रडण्याचा आवाज आला. मी बाकावर होतो. शेजारी अग्निशामक यंत्र.

१६ मार्च, गुरुवार. सकाळी १०

दोघी ठीक. देवाची कृपा.

मुलीला अजून उचललेलं नाही. हात धुऊन तीनदा जवळ गेलो आणि तीनदा काहीतरी काम आठवलं. ती एवढीशी आहे. कोर्समधलं चित्र पडदाभर मोठं होतं, त्यामुळे अंदाज चुकला.

सासूबाईंच्या उजव्या हाताची बोटं अजून सुजलेली आहेत. हिने इतकी घट्ट धरली होती म्हणे. मी म्हटलं, बरं झालं आई होत्या. ही म्हणाली, आई होतीच रे. मला तू हवा होतास.

खाली केबिनमध्ये जाऊन तीस क्रमांक बदलले. अडीच तास लागले. नोंदी पुन्हा जोडल्या. सगळे बाप हिरवे झाले. मीसुद्धा झालो, एकतीसपैकी एकतीस. माझ्या नावापुढचं बाळाच्या कोर्सचं 'पूर्ण' मात्र खोडून टाकलं. 'होईल' म्हणाला, असं करता येत नाही. मग म्हणाला, होईल.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मंगळवारी दोन्ही पेनं चालत होती.

२३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५.१५

चार वाजता सिस्टरच्या वर्गाला गेलो. सात जोडपी आणि मी. ही मागच्या खुर्चीत, मांडीवर मुलगी, शेजारी सासूबाई. डॉक्टरांना दाखवायला आलोच होतो, म्हणून थांबल्या म्हणे. मला बघायचंच होतं त्यांना, मी ओळखतो.

आधी हात धुवायचे होते. मी धुतले. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा. सिस्टरनी सगळ्यांना थांबवून सांगितलं, यांच्याकडे बघा, असे धुवायचे. सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली. फार बरं वाटलं.

मग बाहुली. तीन किलो म्हणजे कागदावर काहीच नाही, हातात वेगळंच. डावा तळवा कुठे ठेवायचा हे मला तोंडपाठ होतं. काल चौदावं पान पाच वेळा वाचलं होतं. (ते अकरावं निघालं.) उचलली, आणि मान गेली. सगळ्या वर्गाने 'अई गं' केलं. आमची मुलगीसुद्धा नेमकी तेव्हाच रडली.

सिस्टरना म्हटलं, आणखी एक संधी? म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी. मी म्हटलं, मला नियम माहीत आहेत, पण बाकीचं सगळं तर येतंय. त्या म्हणाल्या, येतंय ना, मग चार गुरुवार काय मोठे? मागून हिने विचारलं, कितवा प्रयत्न रे हा? मी म्हटलं, पहिलाच.

जाताना वहीत डोकावून बघितलं. माझ्या नावापुढे सिस्टरनी लिहिलंय: पहिला प्रयत्न. अपूर्ण. हात स्वच्छ.